तोट्याला बाजार, नफ्याला सरकार: कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
कृषी खर्च व मूल्य आयोग, नवी दिल्ली

महोदय,



२८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या आयोगाच्या शिफारशीवरून खरिपाचे हमीभाव मंजूर केले. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपयांवरून ५,३२८ रुपये झाला, क्विंटलमागे ४३६ रुपयांची वाढ. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. मराठवाड्यातला शेतकरी तेव्हा बियाण्याच्या दुकानासमोर उभा होता. सरकारच्या एका हाताने त्याला जास्त भाव कबूल केला आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच मालाच्या तेलाचा भाव पाडायची सोय केली. ऑक्टोबरात माल बाजारात आला, तेव्हा यातला कोणता निर्णय भारी ठरला हे लातूरपासून अकोल्यापर्यंतच्या आडतीवरच्या पट्ट्यांमध्ये दिसले. भाव हमीभावाच्या बराच खाली होता.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. घरची जमीन कोरडवाहू आहे आणि खरिपात तिच्यात सोयाबीनच असते. दरवर्षी वर्गात पूर्ण स्पर्धेचा धडा येतो. असंख्य विक्रेते, सगळ्यांची वस्तू एकसारखी, धंद्यात यायला-जायला मोकळीक, सर्वांना सारखी माहिती. किंमत बाजार ठरवणार, उत्पादक ती स्वीकारणार. अशा बाजारात दीर्घकाळात किंमत सरासरी खर्चाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर येऊन टेकते. महागात पिकवणारा बाहेर पडतो, स्वस्तात पिकवणारा टिकतो, आणि समाजाला ती वस्तू शक्य तितक्या कमी साधनांत मिळते. कार्यक्षमता म्हणतात ती हीच. उदाहरण म्हणून पुस्तके शेतीकडे बोट दाखवतात. माझ्या वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांची असतात. ती मान डोलावतात, आणि मग त्यांच्यातला एखादा विचारतो की सर, मग आमच्या बाबांचा तोटा कोणत्या आकृतीत दाखवायचा?

हे पत्र त्या प्रश्नापोटी आहे. मी स्पर्धेच्या विरोधात नाही. खुल्या बाजाराने शेतकऱ्याचे भले होईल असे मानणाऱ्यांपैकी मी आहे, आणि म्हणूनच त्या सिद्धान्ताच्या नावाखाली जे चालले आहे ते मला खटकते.

एका एकराचा ढोबळ हिशेब मांडतो. नांगरणी, मोगडणी, पाळी मिळून २,८०० रुपये. बियाण्याची बॅग २,५००. डीएपीचे पोते १,३५०. ट्रॅक्टरने पेरणी ९००. तणनाशक आणि ते मारण्याची मजुरी १,५००. कोळपणी आणि राहिलेल्या तणाची खुरपणी १,४५०. अळी आणि करप्यासाठी तीन फवारण्या, ३,०००. इथपर्यंत १३,५०० रुपये मातीत गेले. मग काढणी. ती आता रोजाने होत नाही, टोळी उक्ते घेते. एकरी ४,५०० धरा. मळणीयंत्र आणि बाजारापर्यंतचे गाडीभाडे २,०००. एकूण २०,००० रुपये रोख. घरच्या माणसांनी घातलेल्या कष्टाची मजुरी ३,००० धरली तर २३,०००. आपल्या परिभाषेत हा ए-२ अधिक एफएल. जमीन स्वतःची नसती तर खरीप हंगामापुरता सहा हजार मक्ता द्यावा लागला असता. तो आणि बैलबारदाना, अवजारे यांत अडकलेल्या भांडवलाचे हजारभर व्याज धरले की ३०,०००. हा सी-२.

पाऊस साथ देईल तेव्हा चांगल्या जमिनीत एकरी सात क्विंटल उतारा पडतो. त्याने भागले तर पहिला खर्च क्विंटलला सुमारे ३,२८६ रुपये आणि दुसरा ४,२८६. आपला २०२४-२५ चा देशपातळीवरचा ए-२ अधिक एफएल ३,२६१ होता आणि त्याच्या दीडपट म्हणून ४,८९२ हमीभाव ठरला. म्हणजे सात क्विंटलवाल्यापुरता तरी आपला आणि माझा हिशेब जुळतो. हेही मान्य करतो की सात क्विंटल पिकवणाऱ्याला खरोखर ४,८९२ मिळाले असते तर सी-२ भरून वर काही उरले असते. पण त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बाजारात भाव होता चार ते साडेचार हजार. म्हणजे ज्याचे पीक चांगले आले त्याचाही सी-२ जेमतेम भरला किंवा भरलाच नाही.

आता तो मुलगा विचारतो तो आकृतीतला बिंदू. पुस्तक म्हणते, किंमत सरासरी बदलत्या खर्चाच्या खाली गेली की उत्पादक काम थांबवतो. कारखान्यात हे सोपे आहे, यंत्राचे बटण बंद करता येते. शेतात हा बिंदू हंगामाबरोबर सरकत जातो. जूनमध्ये सगळे २०,००० रुपये वाचवण्याजोगे असतात. सप्टेंबरअखेर त्यांतले १३,५०० गेलेले असतात, ते काही केले तरी परत येत नाहीत. निर्णय उरतो फक्त काढणी-मळणीच्या ६,५०० रुपयांचा. भाव ४,२०० असेल आणि शेंगांवरून तीन क्विंटलचा अंदाज येत असेल, तर १२,६०० रुपये हाती येतील म्हणून तो काढतो. संपूर्ण हंगामात तोटा आहे हे ठाऊक असूनही काढतो, आणि ते शंभर टक्के शहाणपणाचे असते. दीडच क्विंटल येणार असेल तर ६,३०० रुपयांसाठी ६,५०० कोण घालेल? मग उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर आमच्याकडे शिवारेच्या शिवारे अशी होती. वर्तमानपत्रांनी त्याला उद्वेग म्हटले. उद्वेग होताच, पण तो हिशेबही होता, आपल्याच शास्त्रातला.

याचा परिणाम बाजारावर काय होतो पाहा. भाव कितीही पडला तरी ऑक्टोबरात माल येणारच, कारण तोवर शेतकऱ्याच्या हातात नकार देण्यासारखे फारसे उरलेले नसते. त्याला पीककर्ज फेडायचे असते, रब्बीचे हरभऱ्याचे बियाणे आणायचे असते. समोर मोजक्या तेल-गिरण्यांची खरेदी. विक्रेते लाखो आणि एकजिनसी. खरेदीदार बोटांवर मोजण्याइतके, आणि बियाणे, खते, कीटकनाशके विकणारेही थोडेच. पूर्ण स्पर्धा आहे ती साखळीच्या एकाच कडीत, जिथे शेतकरी उभा आहे. तिथे ती खरोखर पूर्ण आहे.

महोदय, खर्चाच्या व्याख्येबद्दल वाद जुना आहे आणि महाराष्ट्राला तो नवा नाही. १९८० मध्ये चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांसाठी शेतकरी नेते शरद जोशींनी केलेली मागणी एवढीच होती: उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. पुढे स्वामिनाथन आयोगाने खर्चावर किमान ५० टक्के अधिक द्या असे म्हटले, आणि २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट हमीभावाची घोषणा केली. पण दीडपट कशाची? ए-२ अधिक एफएलची. मी पक्षाच्या बाजूने बोलत नाही, सिद्धान्ताच्या बाजूने बोलतो. पूर्ण स्पर्धेत दीर्घकाळात नफा शून्य होतो असे आपण शिकवतो, तेव्हा खर्चात स्वतःच्या जमिनीचे भाडे, स्वतःच्या भांडवलाचे व्याज आणि धंदा चालवण्याचा मोबदला आधीच धरलेला असतो. त्यालाच सामान्य नफा म्हणतात. सिद्धान्ताला अभिप्रेत असलेला खर्च सी-२ हाच आहे, किंबहुना त्याहून थोडा जास्त. रमेश चंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ मध्ये हेच वेगळ्या शब्दांत सुचवले होते: कुटुंबप्रमुखाला कुशल कामगार धरा, खेळत्या भांडवलाचे व्याज पूर्ण हंगामाचे लावा, गावात प्रत्यक्ष चालणारा खंड धरा, जोखीम आणि व्यवस्थापनासाठी १० टक्के वाढवा. त्या शिफारशी आपल्या कार्यालयात आहेत. खर्च कमी धरून त्याच्यावर पन्नास टक्के चढवले की आकडा भरघोस दिसतो, पण वरच्या पन्नास टक्क्यांतला बराचसा भाग हा नफा नसून न मोजलेला खर्च असतो.

याहून खोल अडचण सरासरीची आहे. सात क्विंटलचा उतारा पाचवर आला की माझ्या हिशेबातले ३,२८६ रुपये ४,६०० होतात आणि सी-२ थेट ६,००० वर जातो. देशातली सोयाबीनची उत्पादकता हेक्टरी एक टनाच्या आसपास घुटमळते, म्हणजे एकरी चार क्विंटल. तेवढ्याने भागले तर ए-२ अधिक एफएलच ५,७५० होतो, २०२५-२६ च्या हमीभावाहून अधिक. हलक्या रानात शेतकरी खर्चही आखडता घेतो, त्यामुळे तिथला खरा आकडा काहीसा खाली येईल. तरीही प्रतिक्विंटल खर्च ठरवण्यात शेतकऱ्याच्या कौशल्यापेक्षा पावसाचा आणि मातीच्या खोलीचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट त्याने बदलत नाही. ऑगस्टात वीस-बावीस दिवसांचा खंड पडला की निलंगा-औशाच्या भारी जमिनीतले पीक तग धरते आणि बालाघाटाच्या माळावरचे करपते. दोघांनी पेरणी, खत, फवारणी सारखीच केलेली असते.

अर्थतज्ज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये मांडले की धान्याची किंमत सर्वांत हलक्या जमिनीवरच्या खर्चाने ठरते, चांगल्या जमिनीवरच्या नव्हे; त्या हलक्या जमिनीतले धान्य समाजाला हवे असेल तर तेवढी किंमत द्यावीच लागते. आपला आयोग भारित सरासरी काढतो. सरासरी काढली की कित्येक उत्पादक तिच्या वरच्या बाजूला राहणार हे उघड आहे, आणि वरचे पन्नास टक्के त्यांतल्या काहींनाच सावरतात. उरलेल्यांनी सोयाबीन सोडावे असे आयोगाला वाटत असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. त्यांनी ते सोडायला सुरुवातही केली आहे. २०२५ च्या खरिपात देशात सोयाबीनचे क्षेत्र घटले आणि मक्याचे वाढले. इथेनॉलच्या मागणीने मक्याला जे दिले ते सोयाबीनला कोणी दिले नाही. उलट त्याच इथेनॉल कारखान्यांतून निघणारा धान्याचा सुका चोथा, डीडीजीएस, पशुखाद्यात सोयापेंडीच्या जागी जाऊन बसला आणि पेंडीचा भाव आणखी खाली आला. आणि त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सरकारने खाद्यतेलातल्या स्वयंपूर्णतेसाठी १०,१०३ कोटींचे तेलबिया अभियान मंजूर केले होते. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. शेतकरी तेलबिया सोडतो आहे आणि तिजोरी तेलबियांसाठीच खर्च करते आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी लेखणी उचलली त्याकडे येतो. स्पर्धेच्या बाजारात तोट्याची वर्षे असणारच. सिद्धान्त ती सोसण्याजोगी कशी करतो? नफ्याच्या वर्षांनी. पुरवठा कमी पडतो, भाव खर्चाच्या वर जातो, त्या वर्षी शेतकरी कर्ज फेडतो, विहिरीचे काम काढतो, चांगले बियाणे आणतो. २०२१ च्या ऑगस्टात असे वर्ष आले. सोयाबीनने दहा हजारांचा भाव पाहिला. त्याच महिन्यात जीएम सोयाबीनपासून केलेली १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली गेली. जे तंत्रज्ञान आमच्या शेतकऱ्याला शेतात वापरायला बंदी आहे, त्याच तंत्रज्ञानाची पेंड बंदरावर उतरवायला मात्र मुभा. डिसेंबर २०२१ मध्ये सोयापेंडीच्या साठ्यावर मर्यादा आली. त्याच महिन्यात सेबीने सोयाबीनचे वायदे व्यवहार थांबवले आणि ती बंदी वर्षामागून वर्ष वाढत गेली. सर्वांना सारखी माहिती ही पूर्ण स्पर्धेची अट. जूनमध्ये पेरताना जानेवारीच्या भावाचा अंदाज देणारी वायद्यांची एकमेव पाटी होती, तीच काढून घेतली.

भाव पडतो तेव्हा आम्हाला सांगितले जाते की बाजार आहे, मागणी-पुरवठा आहे, शिकागोच्या बाजारात भाव उतरलेत. भाव चढतो तेव्हा बाजार अचानक नाहीसा होतो आणि ग्राहकहित पुढे येते. स्पर्धेचा नियम फक्त तोट्याला लागू करायचा आणि नफ्याला सरकारी निर्णय, अशा व्यवस्थेत किंमत सरासरी खर्चावर टेकत नाही, ती कायम त्याच्या खाली राहते. मग शेती चालते कशावर? घरच्या बाईच्या न मोजलेल्या दिवसांवर, जमिनीच्या न दिलेल्या भाड्यावर, एखाद्या मुलाच्या पुण्यातल्या पगारावर. याला कार्यक्षमता म्हणता येत नाही. ही शेतकरी कुटुंबाने देशाला दिलेली सक्तीची वर्गणी आहे.

कार्यक्षमतेचा प्रश्न मी टाळत नाही. ब्राझील आणि अमेरिकेत हेक्टरी तीन टनांच्या वर सोयाबीन निघते. त्यांच्यापुढे आपला क्विंटलचा खर्च टिकणारच नाही, आणि भाव वाढवून मागत राहणे हा त्यावरचा कायमचा उपाय नव्हे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने यंत्राने काढता येईल असा एमएयूएस-१६२ हा वाण दिला, राहुरीने फुले संगम आणि फुले किमया दिले; रुंद वरंबा-सरीवर (बीबीएफ) पेरलेले पीक पावसाच्या खंडात आणि अतिपावसात, दोन्हीकडे सावरते हे आमच्या शेतकऱ्यांनी पाहिले आहे. ज्यांनी ते स्वीकारले त्यांचा खर्च उतरला. पण विलर्ड कोक्रेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५८ मध्येच दाखवून दिले होते की नवे तंत्र आधी घेणाऱ्याला चार पैसे मिळतात. सगळ्यांनी घेतले की उत्पादन वाढते, भाव उतरतो आणि फायदा ग्राहकाकडे जातो. ते व्हावेच, स्पर्धेचा तोच तर गुण आहे. मात्र नवे यंत्र, नवे बियाणे घेण्यापुरता पैसा शेतकऱ्याच्या हातात आधी उरावा लागतो. ज्याची तेजी दरवेळी कापली जाते, तो बीबीएफ यंत्र कशाच्या बळावर घेणार? खर्च कमी करण्याची ताकदच काढून घ्यायची आणि मग खर्च जास्त म्हणून बोल लावायचा, हे न्यायाचे नाही.

हमीभावाने खरेदी होते, हे उत्तर मला ठाऊक आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ११ लाख टन सोयाबीन खरेदी झाले, आजवरच्या मानाने खूपच. पण ओलाव्याची १२ टक्क्यांची अट १५ टक्क्यांवर आणायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला, केंद्रांवर बारदाना कमी पडला, आणि त्याआधीच छोट्या शेतकऱ्याचा माल ओलावा जास्त म्हणून भाव कापून आडतीवर विकला गेला होता.

आयात शुल्क, साठामर्यादा, वायदेबंदी हे निर्णय आपल्या अखत्यारीतले नाहीत याची मला जाणीव आहे. पण शेतमालाच्या खर्चाच्या हिशेबावरून केंद्राला हमीभाव सुचवणारे आपले एकच कार्यालय आहे. आपल्या अहवालांत हमीभावाबरोबर इतर धोरणांबाबतही शिफारशी असतात. वाणिज्य, अर्थ किंवा ग्राहक मंत्रालय जेव्हा भाव पाडणारा निर्णय घेते, तेव्हा त्याने किती शेतकरी खर्चाच्या खाली जातील हे सांगू शकणारे दुसरे कोणी नाही. आपण गप्प राहिलात तर तो आकडा कोणाच्याच टेबलावर येत नाही.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. पुढच्या खरिपाच्या अहवालात सोयाबीनची केवळ सरासरी न देता, सुचवलेल्या भावात किती टक्के शेतकऱ्यांचा सी-२ भरून निघतो आणि किती टक्क्यांचा नाही, हे राज्यवार छापा. लागवड खर्च योजनेतून १९७०-७१ पासून शेतकऱ्यागणिक नोंदी गोळा होतात. त्यामुळे हा तक्ता काढण्यासाठी नव्या पाहणीची गरज नाही. आधीच्या पाच वर्षांत बाजारभाव सी-२ च्या खाली किती महिने होता, तेही त्याच पानावर द्या. आणि हमीभाव सुचवताना त्याला पेलणारे किमान आयात शुल्क किती असावे, तो आकडा शेजारीच लिहून सरकारला सांगा की पेरणीपासून माल विकला जाईपर्यंत ते कमी करू नका. सरकार ऐकेल किंवा ऐकणार नाही. पण मे महिन्यात दोन दिवसांच्या अंतराने एकमेकांना छेद देणारे दोन निर्णय पुन्हा झाले, तर त्यातल्या एकाला आयोगाचा लेखी विरोध होता एवढे तरी शेतकऱ्याला कळू द्या.

आपला विश्वासू,
लातूर जिल्ह्यातला अर्थशास्त्राचा एक शिक्षक